तीस जूनला तुमच्याकडे काय होतं

तीस जूनला तुमच्याकडे काय काय होतं,
असं विचारायचं असतं. आज नाही. त्या दिवशी.
सत्तेम्मा येमूल मांडीवरचं सूप खाली ठेवते,
पदरावरचा तंबाखू झटकते,
वार कुठला होता ते सांगा की आधी.
मंगळवार, मी टॅबलेटात बघून सांगतो.
मंगळवार म्हणजे बाजार. मग डब्यात
शंभर-दीडशे असतील. लिहा शंभर.

विडी घरकुल, दोन खोल्या, एक फॅन.
दारापुढे पाण्याचे चार निळे बॅरल,
नळ चौथ्या दिवशी येतो म्हणून.
टिकाऊ वस्तूंच्या यादीत फ्रीज आहे, मोटारगाडी आहे,
बॅरल नाही.

सोनं?
नाही, म्हणते, आणि पदर कानावर ओढते.
मी 'नाही' लिहितो.
अख्ख्या देशाचं सोनं मी असंच लिहीत आलोय,
पदराच्या अलीकडून.

कुणाकडून काही येणं?
नवऱ्याची ग्रॅच्युइटी. मिल बंद पडली तेव्हाची.
भोंगा गेला, चिमणी गेली, मग तो गेला.
येणं आहे की,
यायचं तेवढं राहिलंय.

बोलता बोलता तिचे हात पुन्हा पानावर.
कात्री, चिमूट, गुंडाळी, दोरा.
माझी आकडेमोड दोनदा चुकली,
तिचा कट्टा बरोबर पंचविसाचा.

पेन्शन अकराशे सत्तर.
बत्तीस वर्षं फंड कापल्याचे.
साहेबांना फोन लावला, हे संपत्तीत धरू का?
मिळकतीत टाक, म्हणाले. पेन्शन विकता येते का?
जे विकता येत नाही
त्याला बाजारभाव कुठला?

पण कोपऱ्यावरचा शिवलिंगप्पा
महिन्याच्या पंधरा तारखेपासून
त्याच अकराशे सत्तरवर ज्वारी देतो, चहापत्ती देतो,
गोडंतेल मोजून.
त्याच्या वहीत भाव आहे.
फक्त नोव्हेंबरात तो हात आखडता घेतो.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला.
मशीनवर अंगठा ठेवायचा,
आणि तिच्या अंगठ्याला रेषाच नाहीत,
पानं वळून वळून पुसल्या.
परवाच्या साली उठलाच नाही बघा.
तीन महिने मी मेलेली होते, ती हसते,
मेल्यावर पण विड्या वळल्या, हजारी चुकली नाही.

रात्री खोलीवर वहीच्या मागच्या पानावर
मी उगाच मांडून बघितलं.
अकराशे सत्तर गुणिले बारा
गुणिले, आता इथे तक्ता लागतो,
सहासष्ट वर्षांची बाई अजून किती जगते त्याचा.
तक्ता म्हणाला, चौदा.
तक्त्याला ती खोली माहीत नाही,
खिडकी मिटलेली, पानं वाळू नयेत म्हणून,
आणि सुपातून उठणारा बारीक खोकला.
एक लाख शहाण्णव हजार पाचशे साठ.
घरातली सगळ्यात मोठी ठेव,
एका गुळगुळीत अंगठ्यात.
मी आकडा खोडला.
मग खोडलेला पुन्हा वाचला.

हां, एक राहिलं. उठताना मी तिला सांगितलं होतं,
अम्मा, तुमचं घर एकटं नाही यात.
हिशोबात तुमच्यामागे
दोन हजार एकशे चाळीस घरं उभी असतात,
तुम्ही बोलता ते सगळ्यांचं धरतात.
ती जरा वेळ गप्प. दाराकडे बघितलं,
जणू एवढी माणसं बसवायची कुठे.
आधी सांगायचं नाही का रे, म्हणाली,
डब्यात दीडशे लिहिलं असतं.

तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, पाणी आलं.
ती उठली, पाइप ओढला, पहिला बॅरल वाजायला लागला.
'शेरा' नावाच्या रकान्यात साठ अक्षरं बसतात.
मी टाइप केलं:
पेन्शन शिवलिंगप्पाकडे चालते, नोव्हेंबर सोडून.

दोन अक्षरं मावत होती अजून. सुचली नाहीत.
माझ्या चपलांखालून पाणी वाहत गेलं.